वाढणें

गेल्या वैशाखांत एका स्नेह्यांच्या नातवाची मुंज होती. पंगत बसली, यजमान स्वतः जिलबीचें ताट घेऊन फिरूं लागले, आणि आमच्यापुढें येऊन थबकले. आमच्या पानांतील मसालेभाताची मूद जशीच्या तशी होती; एक कोपरा तेवढा ढासळला होता. “गुरुजी, आमचें कांहीं चुकलें का?” त्यांनीं हलक्या आवाजांत विचारलें. “छे छे, पोट भरलें,” असें आम्हीं हंसून सांगितलें, पण त्यावर त्यांचा विश्वास बसला नाहीं. बसणार कसा? याच गृहस्थांच्या लग्नांत आम्हीं पैजेनें जिलब्या खाल्ल्या होत्या आणि ती गोष्ट ते चाळीस वर्षें सर्वांना सांगत आले होते. हात धुतांना त्यांच्या पत्नीनें आमच्या कुटुंबास बाजूस घेऊन तोच प्रश्न पुन्हां विचारला.

अशा वेळीं काय उत्तर द्यावें हें आम्हांस तीन वर्षें झालीं तरी साधलेलें नाहीं. ‘आमचें तीनचतुर्थांश जठर डॉक्टरांनीं काढून टाकलें आहे’ असें पंक्तींत बसून सांगणें प्रशस्त दिसत नाहीं. आणि न सांगावें तर हा मनुष्य रागावला आहे, याला कांहीं मोठा आजार आहे, किंवा घरांत याचें बिनसलें आहे, असे तर्क चालू होतात. म्हणून हा सर्व वृत्तांत एकदां लिहून टाकावा असें योजिलें आहे. एका छपराखालीं तीन-चार पिढ्या जेवत आहेत अशीं घरें अद्याप जेथें आहेत, तेथें तो कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.

आमचें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. पुढें अध्यापनाची पदविका घेतली. संस्कृत मात्र वडिलांपाशीं बसून शिकलों, आणि त्याच शिदोरीवर गांवच्या शाळेंत पस्तीस वर्षें काढलीं. एकदां वर्गांत ‘वृकोदर’ या शब्दाचा विग्रह सांगत होतों. वृकासारखें आहे उदर ज्याचें तो, बहुव्रीहि. मागच्या बाकावरील एका मुलानें आमच्या पोटाकडे असें कांहीं पाहिलें कीं सारा वर्ग हंसला, आणि आम्हीही हंसलों. त्या दिवसापासून शाळेंत आमचें तेंच नांव पडलें. खोटें कशास सांगावें? आम्हांस तें भूषण वाटे. गणेशचतुर्थीस एकवीस मोदकांचा नैवेद्य देवाला आणि तितकेच आम्हांला, असा घरांतला विनोद होता. आमच्या आईस, आणि मागाहून आमच्या कुटुंबास, या भुकेचा अभिमान होता. नवी सून घरांत आली कीं तिच्या हातच्या स्वयंपाकाची परीक्षा आमच्या पानावर होत असे.

पन्नाशी उलटतांना मधुमेह जडला. साठीला इन्सुलिनची सुई टोंचूं लागलों. झोपेंत श्वास अडे म्हणून नाकावर यंत्राचा मुखवटा बांधून निजावें लागे. गुडघ्यांनीं माडीचा जिना बंद केला. उंची पांच फूट पांच इंच आणि वजन ११८ किलो! डॉक्टर लोक किलोंतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागतात. तो भागाकार आमचा ४३ येत असे. आपल्याकडील माणसांत तो २३ च्या वर गेला कीं अधिक समजतात. पथ्यें आम्हीं केलीं नाहींत असें नाहीं. एक वर्ष रात्रीचें जेवण सोडलें आणि बारा किलो उतरविले. पुढच्या वर्षीं ते पंधरा होऊन परत आले. एकादशा केल्या, पण आमच्या घरीं एकादशीस साबुदाण्याचे, रताळ्याचे व वऱ्याच्या तांदळांचे इतके प्रकार होत कीं उपासाच्या दिवशींच वजन वाढे.

अखेर निर्णय झाला तो २०२१ च्या पितृपक्षांत. वडिलांच्या श्राद्धास पाटावर बसलों होतों. पिंडदान झालें, सर्व विधि यथासांग झाला, आणि उठावयाची वेळ आली तेव्हां उठतां येईना. धाकट्या बंधूंनीं एका काखेंत हात घातला, चिरंजीवांनीं दुसऱ्या. उपाध्यायांनीं संकोचानें तोंड फिरविलें. पंचायशी वर्षांची आमची आई माजघराच्या दारांत उभी राहून हें पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं. त्याच रात्रीं आम्हीं चिरंजीवांस सांगितलें, “तूं त्या शस्त्रक्रियेचें बोलत होतास ना? चौकशी कर.”

चरकसंहितेंत अष्टौनिंदितीय नांवाचा एक अध्याय आहे. त्यांत निंद्य शरीराच्या आठ प्रकारच्या माणसांत अतिस्थूलाची गणना केली आहे. आणि स्थूल व कृश या दोघांत कृशच बरा, कारण रोग आला तर तो स्थूलासच अधिक पीडतो, असा स्पष्ट अभिप्राय दिला आहे. हा अध्याय आम्हीं तरुणपणीं वाचला होता. तो आपल्याविषयीं आहे असें मात्र कधीं मनांत आलें नव्हतें.

या शस्त्रक्रियांचा इतिहासही मनोरंजक आहे. पोटांतील व्रणासाठीं ज्यांच्या जठराचा भाग कापावा लागे, त्यांचें वजन पुढें वाढत नाहीं, हें ध्यानांत घेऊन अमेरिकेंतील आयोवा विश्वविद्यालयाच्या मेसन व इटो या शल्यवैद्यांनीं जठरास वळसा घालण्याची युक्ति काढली आणि १९६७ मध्यें ती प्रसिद्ध केली. आमच्यावर झाली ती त्याहून सोपी. पोटावर चार-पांच लहान भोकें पाडून, दुर्बिणीच्या साहाय्यानें, जठराचा बाहेरच्या वळणाकडील तीनचतुर्थांश भाग कापून काढतात. उरते ती केळ्यासारखी एक अरुंद नळी. डॉक्टर तिला सदऱ्याच्या बाहीची उपमा देतात. कापलेल्या भागाबरोबर ग्रेलिन नांवाचा एक पदार्थही बराचसा जातो. भुकेची वर्दी मेंदूला पोंचविणें हें त्याचें एक काम. कोजिमा व कांगावा या जपानी संशोधकांनीं तो १९९९ मध्यें शोधून काढला, आणि शरीर वाढविणाऱ्या दुसऱ्या एका रसास तो चालना देतो म्हणून, ‘वाढणें’ या अर्थाच्या ‘घ्रे’ या प्राचीन भारत-युरोपीय धातूवरून त्याचें नांव ठेविलें. हें कळल्यावर आम्ही शस्त्रक्रियेची भीति विसरून त्या धातूच्याच विचारांत गुंतलों. मराठींत मूल वाढतें आणि पानांत भातही वाढतात, क्रियापद एकच. आमच्या बाबतींत तर दोन्ही अर्थ साठ वर्षें बरोबरीनें चालत आले होते.

घरांत बातमी फुटली तेव्हां आई म्हणाली, “अरे, देवानें दिलेलें पोट कापून टाकायचें? चार घांस कमी खाल्लेस तर भागणार नाहीं का?” प्रश्न रास्त होता; पण त्याचें उत्तर आम्ही वीस वर्षें देत आलों होतों आणि तें ११८ किलो भरलें होतें. कुटुंब एवढेंच म्हणालें, “मग मी रांधायचें कोणासाठीं?” आम्हांस ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती हें समजावयास आम्हांस पुढें एक वर्ष लागलें.

यकृतावरील चरबी उतरावी म्हणून आधीं दोन आठवडे पातळ आहार झाला, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत पुण्यास शस्त्रक्रिया झाली. पायांत रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून त्याच संध्याकाळीं उठवून चालविलें. तिसऱ्या दिवशीं घरीं. वेदना म्हणाल तर सोसण्यासारखी होती. खरी शिक्षा पुढें होती, आणि ती पाण्याची. औषधाच्या बाटलीबरोबर मिळतें तसलें ३० मिलिलिटरचें प्लॅस्टिकचें भांडें आमच्या हातीं दिलें होतें. तें पाव तासांत, घोट घोट घेऊन, संपवावयाचें. दिवसाकांठीं दीड लिटर द्रव पोटांत गेलें पाहिजे आणि एका वेळीं घोटभरच उतरतें, म्हणजे माणसास दुसरा उद्योग उरत नाहीं. घड्याळापुढें बसून पाणी पिणें हाच आमचा व्यवसाय झाला. पहिले दोन आठवडे निवळ पाणी, पातळ ताक, मुगाचें कढण. पुढील दोन आठवडे सर्व कांहीं घोटून, गाळून. मग गुरगुट्या भातासारखें मऊ. आणि दोन महिन्यांनीं घरचें साधें अन्न. नातवाचें उष्टावण जसें झालें होतें अगदीं त्याच क्रमानें आमचें झालें, आणि तो पांच वर्षांचा मुलगा आमच्या वाटींत डोकावून पाही व “आजोबा, संपव,” म्हणून दरडावी.

सर्वांत नवल भुकेचें. शाळेच्या घंटेप्रमाणें दहाच्या ठोक्याला वाजणारी आमची भूक वाजेचना. दुपार उलटली तरी पोट गप्प. पण स्वयंपाकघरांत हिंग-मोहरीची फोडणी बसली कीं जीव कासावीस होई. पोटास कांहीं नको आणि जिभेस सर्व हवें, अशी ही अवस्था. शल्यवैद्यांच्या शस्त्रानें भूक कापली. आवड तशीच राहिली, आणि तिला पोंचविण्याची जागा मात्र नाहींशी झाली.

घरच्या अन्नावर आलों तेव्हां रुग्णालयांतील आहारशास्त्रज्ञ बाईंनीं नवें प्रकरण काढलें तें प्रथिनांचें. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनें पाहिजेत, नाहीं तर चरबीबरोबर मांसही झडतें. आम्ही शाकाहारी, अंडेंही वर्ज्य. वाटीभर घट्ट वरणांत सहा-सात ग्रॅम. आमच्या पोटांत जाणार अर्धी वाटी! कुटुंबानें हा हिशेब ऐकला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद डकविला. मोड आलेल्या मुगाची उसळ, बिनसाखरेचा चक्का, पनीर, सोयाबीनचें पीठ घातलेलें थालिपीठ: प्रत्येकापुढें आंकडा. नववींत असतांना गणिताला कंटाळलेली ही बाई संध्याकाळीं बेरीज करून “आज अजून अकरा ग्रॅम राहिले,” असें सांगूं लागली. उरलेला भाग डब्यांतल्या प्रथिनांच्या भुकटीनें भरून काढावा लागे. ती ताकांत कालवून आम्ही घेत असूं, आणि आई तिला ‘पांढरी राख’ म्हणे.

आतां आपल्या जेवणाचा क्रम पाहा. वरण-भात, त्यावर तूप, कडेस लिंबू, यांनीं आपली पंगत सुरू होते. बाईंचा क्रम अगदीं उलटा: आधीं प्रथिनें, मग भाजी, आणि जागा राहिली तर भात अथवा पोळी. जागा राहत नसे. त्यांत आणखी विपरीत असें कीं, ज्या लुसलुशीत पोळीसाठीं आमच्या घरची ख्याति, तीच घशाखालीं गोळा होऊन बसे. आणि खरपूस भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा चावचावून खाल्ला तर निमूट उतरे. जेवणापूर्वीं अर्धा तास, जेवतांना आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी प्यावयाचें नाहीं. जेवणाच्या आरंभीं पाणी पिणारा कृश होतो, अंतीं पिणारा स्थूल, मध्यें पिणारा सम राहतो, असें वाग्भटाचें मत आहे. आमच्या डॉक्टरांनीं तिन्ही वाटा बंद केल्या. पोटाचे दोन भाग अन्नानें, एक पाण्यानें भरावा आणि चौथा वायूसाठीं मोकळा सोडावा, हेंही वाग्भटच सांगतो. पण केळ्याएवढ्या नळींत चार भाग कसले कल्पावे?

आईस खरी चिंता आपोशनाची पडली. आरंभीं व शेवटीं पाणी घ्यावयाचें नाहीं तर तें जेवण कसलें? येथें मात्र आमचें शास्त्र उपयोगीं आलें. आचमनाचें पाणी उडदाचा एक दाणा बुडेल इतकेंच सांगितलें आहे. फुलपात्र तोंडास लावून घटाघटा पिण्याची आज्ञा कोणींच केलेली नाहीं. डॉक्टरांना विचारलें तेव्हां ते हंसले आणि म्हणाले, “एका उडदाला माझी हरकत नाहीं.”

इतकें सर्व संभाळूनही घात झालाच. त्या वर्षीं गणपतीला शस्त्रक्रिया होऊन सात महिने झाले होते, वजन पुष्कळ उतरलें होतें, इन्सुलिनची सुई सुटली होती, आणि आम्ही थोडे चढून गेलों होतों. पंक्तींत एक मोदक घेतला. पंधरा मिनिटांत, बाईंच्या नियमाप्रमाणें चावून, व्यवस्थित खाल्ला. तोंच धाकटी बहीण तुपाची तांबली घेऊन आली. “दादा, माझ्या हातचा एक.” वर्षांतून एकदां माहेरीं येणारी बहीण; नाहीं म्हणवलें नाहीं. आणि हात पूर्वीच्या संवयीनेंच चालला: तीन घांसांत मोदक संपला. क्षणभरानें छातीच्या मध्यभागीं धोंडा बसल्यासारखें झालें. खालीं जाईना, वर येईना. तोंड फेसाळ लाळेनें भरूं लागलें. जन्मांत जें कधीं केलें नव्हतें तें केलें, भरल्या पंक्तींतून उठलों, आणि परसांतील धुण्याच्या दगडापाशीं जाऊन ओणवे झालों. ओकारी होऊन तें संकट टळलें असें वाटतें तों अर्ध्या तासानें छाती धडधडूं लागली, अंगास दरदरून घाम आला, हातपाय कांपूं लागले. गूळ-खोबऱ्याचें गोड लहान आंतड्यांत एकदम उतरलें कीं असें होतें, हें बाईंनीं आधीं सांगून ठेविलें होतें. बहीण ओटीवर बसून रडत होती. तिच्या मोदकांत कांहीं दोष नव्हता हें तिला पटवितां पटवितां संध्याकाळ झाली.

वर्ष पुरें झालें तेव्हां आमचें वजन ८४ किलोंवर आलें होतें. मुखवट्याचें यंत्र कपाटांत गेलें, जिना पुन्हां मोकळा झाला. केंस विरळ झाले, दंडांची व गळ्याची कातडी रिकाम्या पिशवीप्रमाणें लोंबूं लागली, आणि एरवीं उघड्या अंगानें हिंवाळा काढणारे आम्ही दिवाळींतच शाल पांघरूं लागलों; पण एवढ्यावर भागलें तर सौदा स्वस्त, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. त्या सुमारास सुनेनें घरांतील सर्व वडीलधाऱ्यांचें रक्त तपासून घेतलें. कागद आले. आमचे उत्तम होते. कुटुंबाच्या कागदावर साखरेच्या आंकड्याखालीं रेघ होती, आणि वजन एका वर्षांत सहा किलो वाढलें होतें.

कारण शोधण्यास फार लांब जावें लागलें नाहीं. पानांत टाकूं नये, हें वाक्य आम्हीं घरांत व शाळेंत मिळून किती वेळां उच्चारलें असेल याची गणती नाहीं. डबा अर्धा टाकणाऱ्या मुलास आम्हीं उभें करून ठेवीत असूं. शस्त्रक्रियेनंतरही आमचें पान पूर्वीच्याच थाटांत वाढलें जाई, कारण घरांतील वडिलांपुढें चिमूटभर अन्न वाढणें त्या माऊलीस अभद्र वाटे. आम्ही चार चमचे खाऊन उठत असूं, आणि उरलेलें सर्व ती आपल्या पानांत घेई. टाकावयाचें नाहीं ना! आमच्या अंगावरून उतरलेलें ओझें घरांतल्या घरांतच राहिलें होतें.

त्या दुपारीं आम्ही स्वयंपाकघरांत गेलों आणि तिला जरा कठोर शब्दांतच बोललों, कीं हें काय चालविलें आहेस. ती विळीवर भाजी चिरीत होती. मान वर न करतां म्हणाली, “बेचाळीस वर्षांत स्वयंपाक चांगला झाला असें तुम्ही एकदां तरी म्हणालां आहांत का? पान चाटून पुसून स्वच्छ असे, त्यावरून मी समजत असें. आतां रोज पान तसेंच राहतें. मग मी काय समजायचें? तें राहिलेलें समोर पाहवत नाहीं, म्हणून खातें.”

पस्तीस वर्षें शब्दांवर पोट भरलेल्या माणसाजवळ याला उत्तर नव्हतें. आमची भूक हीच आमची सारी पसंती, सारें कौतुक, सारी कृतज्ञता होती. ती डॉक्टरांनीं काढून नेली, आणि तिच्या जागीं ठेवावयास आम्हीं कांहीं शिकून ठेविलें नव्हतें.

दोन दिवसांनीं जेवावयास बसलों तों पाटापुढें ताट नव्हतें. लहान ताटली होती, आणि तींत चिरंजीवांच्या उष्टावणाची चांदीची वाटी. तींत आमचें सारें जेवण मावलें आणि संपलेंही. पान प्रथमच स्वच्छ झालें. आम्हीं मोठ्या धैर्यानें म्हटलें, “उसळ उत्तम झाली आहे.” “मीठ कमी पडलें आहे,” कुटुंबानें उत्तर दिलें, पण वाटी उचलतांना ती जरा जास्त वेळ तिथें उभी राहिली. त्यानंतर आम्ही रोज कांहीं तरी बोलतों. चाळीस वर्षांची संवय नसल्यामुळें तें पुष्कळदां परीक्षकाच्या शेऱ्यासारखें होतें, आणि सुना पदराआड हंसतात. कुटुंबाची साखर आतां ताब्यांत आहे. ती आमच्याबरोबरच जेवावयास बसते, आणि उरलें तर तें दुसऱ्या दिवशीं फोडणीला पडतें.

या मंद जेवणानें आणखी एक गोष्ट उघडकीस आली. चार चमचे खावयास आम्हांस अर्धा तास लागतो. पंक्तींतील मंडळी तोंपर्यंत ताक-भातावर येऊन ताटकळत बसतात. म्हणून आम्हीं वेळ बदलून अकराची केली. त्याच वेळीं आई माजघरांत एकटी जेवत असते, तिलाही वेळ लागतो म्हणून. एक दिवस शेजारीं पाट मांडला. आठ-दहा दिवसांत ध्यानांत आलें कीं ती पोळीचे तुकडे हळूच पदरांत बांधते. विचारलें तेव्हां म्हणाली, “गाईला घालतें रे.” खोदून विचारल्यावर कळलें कीं कवळी बसत नसल्यामुळें चार वर्षें तिला पोळी चावतच नव्हती. सुनांना वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. घरांत सात माणसें, दोन वेळां चूल पेटते, आणि हें कोणास ठाऊक नाहीं! पोट मोठें होतें तेव्हां आमची नजर आपल्या पानापलीकडे जातच नव्हती, हेंही येथें कबूल केलें पाहिजे. आतां आमच्यासाठीं जें मऊ होतें तेंच तिच्यासाठीं होतें. माय-लेक अकराला शेजारीं शेजारीं बसतों, एकेक चमचा घेतों आणि सावकाश बोलतों. वडिलांच्या तरुणपणच्या कितीतरी गोष्टी आम्हीं सत्तरीच्या उंबरठ्यावर प्रथम ऐकिल्या.

आमचें पाहून पुष्कळ लोक विचारावयास येतात, कीं करून घ्यावी का? वर्तमानपत्रांतील जाहिरातींत आधींचें व नंतरचें अशीं दोन चित्रें असतात; मधल्या वर्षाचें चित्र नसतें. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या-सुया आमच्यामागें आजन्म लागल्या आहेत. रात्रीं आडवें होतांच छातींत जळजळ होते, म्हणून उशाकडची बाजू उंच करून निजावें लागतें. आणि चोरवाटा मोकळ्याच आहेत. नळी भाकरीला अडविते; बासुंदीला, आईसक्रीमला अडवीत नाहीं, आणि चुरचुरीत चिवडा तर वर्तमानपत्र वाचतां वाचतां मूठमूठ दिवसभर उतरतो. तिसऱ्या वर्षीं आमचे चार किलो परत आले ते याच वाटेनें. बाईंनीं कांट्याकडे पाहून एवढेंच म्हटलें, “गुरुजी, पोट लहान केलें आहे, चिवड्याचा डबा नाहीं.” डबा सध्यां सुनेच्या कपाटांत आहे. विचारावयास येणाऱ्यांस आम्ही डॉक्टरांकडे पाठवितों. मात्र जातांना पत्नीस बरोबर न्या, आणि जी घरांत रांधते व वाढते तिच्याशीं आधीं बोला, असें सांगतों.

यंदाच्या पितृपक्षांत वडिलांच्या श्राद्धास पुन्हां पाटावर बसलों. पिंडदान झाल्यावर एक हात जमिनीस टेंकून एकटेच उठलों. आई दारांत खुर्ची घेऊन बसली होती. तिनें आमच्या गुडघ्यांकडे पाहिलें आणि मग पानें मांडण्याची घाई करा म्हणून सुनांना ओरडली. आमचें अकराचें जेवण त्या दिवशीं चुकणारच होतें, तेव्हां घरच्या पंक्तीला वाढावयाचें काम आम्हीं मागून घेतलें. अलीकडे तें आमच्याकडेच असतें. खिरीचें पातेलें घेऊन ओळीनें वाढीत निघालों. बंधूंचा मुलगा पंचवीस वर्षांचा आहे, संगणकावर काम करतो, आणि बांधा थेट आमच्यावर गेला आहे. एक वाटी संपली होती. दुसरा डाव पुढें केला तों त्यानें वाटीवर हात आडवा धरला. “मोठे काका, पुरे.”

“अरे, या वयांत नाहीं खायचें तर...” इतकें तोंडून निघून गेलें होतें. डाव तसाच मागें घेतला आणि पुढच्या पानाकडे वळलों.